तंबोऱ्याची जवारी ऐकू येते का? इअरफोन निवडताना

बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत मोबाइलच्या दुकानात इअरफोन मागितला, की काउंटरवरून बहुतेक वेळा पहिलं वाक्य येतं, "हा घ्या बघा, बास एकदम भारी हाय." खोक्यावरही तेच छापलेलं असतं. गिऱ्हाईक काय ऐकतं, कुठे ऐकतं, किती वेळ ऐकतं, हे सहसा कोणी विचारत नाही. खरं तर इअरफोनची निवड याच तीन प्रश्नांवर ठरायला हवी. काकतीसारख्या गावात एकाच घरात निवृत्त आजोबा मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत असतात, कॉलेजला जाणारी नात बसमध्ये अजय-अतुल लावते, तिचा भाऊ कारखान्यातली पाळी संपवून येताना कन्नड सिनेमाची नवी गाणी ऐकतो, आणि शेजारचे काका सप्ताहासाठी अभंगाच्या चाली बसवत असतात. या चौघांना एकच इअरफोन चांगला वाटेल, असं मानायला काही आधार नाही.

शिवाय हा भाग सुरांचा आहे. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. मन्सूरअण्णांचं मन्सूर धारवाडच्या कुशीत. पलीकडे मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब स्थायिक झाले, आणि त्याच मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या असं गाणं ऐकलेल्या माणसांच्या कानात शेवटी जातात ते दणदणाटासाठी जुळवलेले इअरफोन, याची मला मनापासून खंत वाटते. चांगला इअरफोन आता फार महाग राहिलेला नाही. तो ओळखायचा कसा, एवढंच शिकायचं आहे.

आवाजाचे तीन मजले

ध्वनीची उंची हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढतं तसं वरचं टोक कमी होत जातं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये असेल, तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप, सिनेसंगीतातला ड्रम हे सगळं साधारण ५० ते १५० हर्ट्झच्या तळमजल्यावर राहतं. दुकानदार ज्याला बास म्हणतो तो हा. मधला मजला मोठा, अंदाजे २०० ते २,००० हर्ट्झचा. गळा, हार्मोनियम, सारंगी, बासरी आणि तबल्याचा सूर यांचा गाभा इथे असतो. त्याच्या वर धार सुरू होते. शब्दांची स्पष्टता, तारेचा नाद, तबल्याची चाट, टाळांची किणकिण, 'स' आणि 'श'मधला हवेचा फूत्कार हे सगळं या वरच्या मजल्यावरचं.

तळमजला फुगवला की आवाज भरदार वाटतो, पण डग्ग्याची आस गायकाच्या खर्जावर पसरते आणि शब्द मागे जातात. वरचा मजला फुगवला की पहिल्या पाच मिनिटांत सगळं स्वच्छ आणि बारकाईनं ऐकू येतं, अर्ध्या तासात मात्र कान शिणतात. मधला मजला खाली दाबला, आणि स्वस्त इअरफोनमध्ये हेच सर्वांत जास्त होतं, की गायक माडीवर उभा राहून गातोय असं वाटायला लागतं.

इअरफोन जुळवणाऱ्याची खरी परीक्षा ३,००० हर्ट्झच्या आसपास असते. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या आकारामुळे या पट्ट्यातला आवाज पडद्यापर्यंत पोचेस्तोवर १० ते १५ डेसिबलांनी वाढतो. समोर बसून गाणं ऐकताना ही वाढ आपोआप मिळते आणि मेंदूला तिची जन्मापासून सवय असते. इअरफोनचं बूच कानात गेलं की ही नैसर्गिक व्यवस्था बिघडते. म्हणून ती वाढ इअरफोनमध्येच घालावी लागते. कमी घातली तर गळा कापडातून आल्यासारखा वाटतो, आणि जास्त घातली तर लताबाईंच्या टिपेच्या स्वराला कान मिटावेसे वाटतात. प्रत्येक कानाची घडण वेगळी, त्यामुळे एकाला नेमकी वाटणारी वाढ दुसऱ्याला बोचू शकते. मित्राला आवडलेला इअरफोन आपल्याला आवडला नाही, तर दोघांपैकी कोणाचाच कान चुकलेला नसतो.

आवडीनिवडीचा हा प्रश्न अमेरिकेतल्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यासला. त्यांना असं दिसलं, की दर तीन श्रोत्यांपैकी साधारण दोघांना एकच ठेवण आवडते: तळ थोडा उचललेला, मध्य सरळ, वर कानाच्या नैसर्गिक वाढीइतकी चढण. उरलेल्यांतल्या काहींना यापेक्षा जास्त बास हवा असतो, तर काहींना कमी. आज मिळणारे बरेचसे चांगले इअरफोन याच 'हार्मन टार्गेट'च्या आजूबाजूला जुळवलेले असतात. ही ठेवण प्रारंभबिंदू म्हणून उत्तम आहे. तिच्यापासून आपण कुठल्या बाजूला आहोत, हे मात्र ज्याचं त्यानं शोधायचं.

पैसे देण्याआधीचा अभ्यास

हा शोध फुकट होतो. आत्ता जो काही वायरचा इअरफोन घरात आहे तो घ्या आणि फोनमधला इक्वलायझर उघडा. अँड्रॉइडवर वेव्हलेट हे ॲप चालतं. फोनमध्ये आधीपासून असलेल्या पट्ट्याही पुरतात. नेहमीचं, पाठ असलेलं गाणं लावा. आधी सगळ्यात खालच्या दोन पट्ट्या तीन-चार डेसिबलांनी उतरवा आणि पूर्ण गाणं ऐका. मग त्याच वर चढवून ऐका. पुढे दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्टीवर तेच करा आणि शेवटी आठ हजारांच्या पट्टीवर. घाई नको. एका वेळी एकच पट्टी हलवायची आणि दोन-तीन दिवस त्याच मांडणीवर ऐकायचं. आठवड्याभरात लक्षात येतं, की आपला हात कुठल्या पट्टीकडे पुन्हा पुन्हा जातो. "मला बास उतरवला तरी चालतो, पण तीन हजारांच्या वर चढवलेलं सहन होत नाही," एवढं एक वाक्य स्वतःबद्दल सांगता आलं, तर तुमची निम्मी खरेदी झाली.

यात एक खबरदारी घ्यावी. दोन मांडण्यांची किंवा दोन इअरफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो जरा मोठ्यानं वाजतो तो चांगलाच वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. आणि आवाज लहान ठेवला की कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. घरचे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्याला म्हणूनच थोडा भरदार इअरफोन लागतो. मोठ्यानं ऐकणाऱ्याला तोच बोजड होतो.

काय ऐकून पारखायचं?

माझ्या मते आपल्या लोकांसाठी सर्वांत प्रामाणिक कसोटी तंबोऱ्याची आहे. घोडीवर सूत सरकवून जवारी लावली, की तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासत कंप पावते आणि मूळ स्वरावर वरचे स्वर उमलत जातात, काही हजार हर्ट्झपर्यंत. खर्जाची तार तळमजल्यावर आणि जवारी वरच्या मजल्यावर, म्हणजे एका वाद्यात सगळी इमारत तपासून होते. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाची पहिली दोन मिनिटं लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त तंबोरे ऐका. नुसती घूं-घूं ऐकू आली तर धार कमी आहे. तारेचा कोरडा झणझणाट आला तर धार जास्त आहे. खर्ज हलका वाटला तर तळ कमी आहे, किंवा बूच कानात नीट बसलेलं नाही. चारही तारा वेगळ्या ओळखू येऊन शेवटी एकच नाद राहत असेल, तर इअरफोन खाली ठेवू नका.

दुसरी कसोटी अभंगाची. पंडित भीमसेन जोशींच्या संतवाणीतला कुठलाही अभंग घ्या. पखवाज, टाळ, हार्मोनियम आणि तो गळा, सगळं एकदम चालू असतं. टाळ प्रत्येक ठोक्याला कानात टोचत असतील, तर भजनाचा रंग चढेपर्यंत तुम्ही इअरफोन काढून ठेवाल. टाळ पुसट झाले, तर अभंगातली ऊर्जा जाते. कुमारजींचं गाणं मधल्या मजल्यासाठी घ्यावं. क्षयानं फुप्फुस निकामी झाल्यावर त्यांनी लहान, तुटक वाटणाऱ्या पण नेमक्या आकृत्यांचं गाणं घडवलं. स्वर सोडतानाची फेक, श्वास, दोन आकृत्यांमधली शांतता हे सगळं त्यात आहे. मध्य दाबलेल्या इअरफोनमध्ये ते गाणं निम्मंच पोचतं.

आधुनिक ध्वनिमुद्रणासाठी 'सैराट' चांगला. २०१६च्या या चित्रपटाचं वाद्यवृंदाचं काम लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं आहे. व्हायोलिनांचा ताफा आणि 'झिंगाट'मधला ठेका, दोन्हींना एकच इअरफोन कसा न्याय देतो ते लगेच कळतं. ठोका बसून लगेच थांबला पाहिजे. तो पुढच्या ठोक्यापर्यंत लोळत राहिला, तर बास जास्त असून त्याला शिस्त नाही.

जुन्या तबकड्यांचे शौकीन असाल, तर तुमचं गणित वेगळं आहे. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणांत ढोबळमानानं २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा सापडतो. त्यानंतरच्या, तिसाच्या दशकातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांचा आवाज अधिक भरलेला आहे, पण सुईची खरखर त्यांच्यातही आहे आणि ती बरीचशी वरच्या मजल्यावर बसते. धारदार इअरफोन गाण्याआधी ती खरखर ऐकवतो. अशा श्रोत्यानं पाच हजारांच्या वर मवाळ असलेला, मध्य भरलेला इअरफोनच घ्यावा. समीक्षक त्याला 'बारकावे कमी' म्हणतील. खाँसाहेबांचा स्वर त्यातूनच गोड लागेल.

बूच बसलं नाही तर सगळं व्यर्थ

सगळ्यात मोठा फरक ज्यानं पडतो, त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तो म्हणजे टोकाचा सिलिकॉनचा टिप. कानाची नळी आणि टिप यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी खालचा आवाज दहा-वीस डेसिबलांनी गळून जातो. मग माणूस "याला बास नाही" म्हणून इअरफोन बदलतो, किंवा आवाज वाढवून कान दुखवून घेतो. खोक्यात लहान-मध्यम-मोठे असे तीन जोड असतात आणि बहुतेक लोक आधीपासून बसवलेला मध्यम कधी काढतच नाहीत. तिन्ही जोड लावून पाहा. डावा आणि उजवा कान सारखा असतोच असं नाही. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठा लावण्यात काही गैर नाही.

बसवायची रीत अशी: उलट बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढा, इअरफोन हलकेच फिरवत आत सरकवा, मग पाळी सोडा. आता मोठ्यानं बोला. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बूच बसलं. गाणं चालू असताना इअरफोन बोटानं हलका दाबला आणि बास एकदम वाढला, तर फट आहे, मोठा टिप लावा. वायर कानावरून मागे नेण्याची रचना असेल तर ती तशीच घाला, उलटी लटकवली तर कोन चुकतो. सिलिकॉन टोचत असेल तर फोमचे टिप मिळतात. ते बोटांनी चुरगळून घालायचे, आत गेल्यावर फुगून ते नळीचा आकार घेतात. फोम वरचा आवाज थोडा मवाळ करतो, त्यामुळे जरा जास्त धारदार निघालेला इअरफोन कधी कधी दोनशे-तीनशे रुपयांच्या फोमनं सुधारतो. काही महिन्यांत ते झिजतात, मग बदलावे लागतात.

नीट बसलेलं बूच बाहेरचा आवाजही वीस-एक डेसिबलांनी अडवतं, आणि इथे जागेचा प्रश्न येतो. काकतीतून पुणे-बेंगळुरूचा ४८ क्रमांकाचा महामार्ग जातो, आजूबाजूला काकती-होनग्याच्या औद्योगिक वसाहती आहेत. बसचं इंजिन आणि ट्रकची घरघर तळमजल्यावरची असते आणि ती गाण्याचा तळ गिळून टाकते. बसमध्ये नेमका वाटलेला बास रात्री घरात अंगावर येतो तो याचमुळे. रोजचा बहुतेक वेळ प्रवासात ऐकत असाल, तर बाहेरचा आवाज अडवणं ही पहिली अट ठेवा. आवाज रद्द करणारे, म्हणजे एएनसीचे ब्लूटूथ इअरबड अशा खालच्या सलग घरघरीवर सर्वांत परिणामकारक ठरतात. शांत घरात ऐकणाऱ्याला त्याची गरज नाही. तेवढेच पैसे वायरच्या इअरफोनवर खर्च केले तर आवाज चांगला मिळतो.

वायर की ब्लूटूथ, यावर फार बोलायचं कारण नाही. ब्लूटूथला सोय आहे, पण त्याची बॅटरी काही वर्षांत दमते आणि सहसा बदलता येत नाही. वायरचा इअरफोन सांभाळला तर दहा वर्षं टिकतो, आणि वायर सुटी होणारा घेतला तर तुटलेली वायर तेवढी बदलता येते. फोनला गोल ३.५ मिमीची खाच नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल घ्या, मात्र त्यात डीएसी, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप आहे ना हे विचारा. चिप नसलेले स्वस्त जोडतुकडे काही फोनवर चालतच नाहीत. इअरफोनचा रोध १६ ते ३२ ओहमच्या दरम्यान असेल तर साधारणपणे फोन पुरतो. आत किती ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, आहेत या आकड्यावर भुलू नका. नीट जुळवलेला एक ड्रायव्हर, वाईट जुळवलेल्या पाचांपेक्षा सरस असतो.

नावं आणि किमती

पाचशे रुपयांच्या आत जे मिळतं ते बोलण्यापुरतं ठीक. दीड ते अडीच हजारांत गेल्या काही वर्षांत फार मोठा फरक पडला आहे, आणि बहुतेक वाचकांनी तिथेच थांबावं असं मी म्हणेन. मूनड्रॉपचा चू-२ स्वच्छ, किंचित धारेकडे झुकलेला आहे. तंबोरा आणि सतार त्यात छान उघडतात, टिपेचे स्वर खुपणाऱ्यांनी मात्र फोम लावून ऐकावा. टँगझूचा वानअर थोडा उबदार, गळ्याला जवळ आणणारा आहे. भावगीत आणि नाट्यसंगीताच्या श्रोत्याला तो मानवेल. सेव्हन-हर्ट्झचा झीरो-२ तळ भरून देतो, पण मधल्या मजल्याला धक्का लावत नाही. सिनेसंगीत आणि अभंग दोन्ही ऐकणाऱ्या घरात तो घ्यावा. आवड अजून ठरत नसेल तर केझेड कॅस्टरसारखे बारीक बटणं असलेले इअरफोन आहेत, टाचणीनं बटण हलवून ठेवण बदलता येते. जुन्या तबकड्यांच्या शौकिनांना थोडे जास्त पैसे घालायचे असतील तर जपानच्या फायनल कंपनीचा ई-३००० ऐकून पाहावा. तो मवाळ आहे, तासन्‌तास ऐकला तरी थकवत नाही, फक्त फोनचा आवाज जरा जास्त ठेवावा लागतो. दहा हजारांच्या पुढे प्रत्येक हजाराला मिळणारी सुधारणा लहान होत जाते.

यांतले बरेचसे बेळगावच्या दुकानांत सहज दिसत नाहीत. चेन्नईच्या हेडफोन झोनसारख्या फक्त याच वस्तू विकणाऱ्या दुकानातून मागवता येतात. मागवण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: खोकं उघडल्यावर परत घेतात का? कानात घालायची वस्तू असल्यानं अनेक विक्रेते घेत नाहीत. पुणे-मुंबईला जाणं होणार असेल तर आधी ऐकवून देणारं दुकान गाठा आणि आपले टिप, आपली गाणी घेऊन जा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते. पावसाळ्यात इअरफोन ओल्या खिशात न ठेवता घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. नळीच्या तोंडावरची जाळी कानातल्या मळानं बुजली की एका बाजूचा आवाज बारीक होतो आणि लोकांना वाटतं इअरफोन गेला. कोरड्या मऊ ब्रशनं, जाळी खाली धरून साफ केली की बहुधा परत येतो.

शेवटी आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसानं ८० डेसिबलवर आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावं, लहान मुलांसाठी ही पातळी ७५ आहे. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यात चारच तास उरतात. फाउंड्रीत किंवा प्रेसवर काम करणाऱ्याच्या कानांनी दिवसाचा हिशोब तिथेच खर्च केलेला असतो, त्यानं घरी येऊन मोठ्यानं ऐकणं टाळावं. यंत्रांच्या गोंगाटात कामाच्या जागी इअरफोन घालून त्यावर मात करायला तर जाऊच नये, तिथे कानाचं संरक्षक साधन लावावं. ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजत राहिली तर तो इशारा समजा, आणि ती टिकली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि चांगल्या बुचाचा एक धोका आहे: मागून आलेल्या ट्रकचा हॉर्नही ते अडवतं. काकतीला बसमधून उतरलात की रस्ता ओलांडण्याआधी, आणि दुचाकीवर तर नेहमीच, दोन्ही कानांतले इअरफोन काढून खिशात ठेवा. मुलांनाही तेवढं सांगा.